पानमळ्यावर पडलेलं हिव

वहिनी, तुझी तेरवी होऊन आज आठ दिवस झाले. पाहुणे गेले, मागून आणलेली भांडी ज्याची त्याला परत गेली, आणि मी मात्र नोकरीच्या गावी नांदुऱ्याला न जाता इथे जळगावातच ओसरीवर बसून राहिलो आहे. कचेरीला कळवलं की तब्येत बरी नाही. साफ खोटं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सरकारशी खोटं बोलतं का रे बापू? मंग आमच्याशी तं बोलतच असशीन." बोलत होतो, वहिनी. अठरा वर्षं गप्प राहून खोटं बोलत होतो. ते आता लिहून काढतो.

तेरवीला सगळे तुझ्याबद्दल बरं बोलले. मेल्यावर माणसाचं कौतुक करायला आपल्या लोकांना फार आवडतं. तुझ्या हातची भाकर, तुझं कष्टाळूपण, तुझं मोजकं बोलणं. मळ्याचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. मी पानावर बसून बुंदी खात होतो आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, की आता उठावं आणि मोठ्यानं सांगावं. उठलो नाही. बुंदी मात्र दोनदा घेतली.

तू या घरात आलीस तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि तू चौदाची. दादा मला तुझ्या स्वाधीन करून मळ्यात जायचा. तुला मूल झालं नाही, त्यामुळे मीच तुझा भाऊ, मीच लेक आणि मीच डोक्याला ताप. माझ्या पहिल्या पाटीवरची अक्षरं तू पुसायचीस आणि म्हणायचीस, "हे काय कोंबडीनं लिवलं का?" तुला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. तरी कोंबडीचं कुठलं आणि माणसाचं कुठलं ते तुला बरोबर कळायचं.

पुढे मी नागपूरला शेतकी शिकून आलो आणि डोक्यात वारं शिरलेला प्राणी झालो. मळ्याच्या प्रत्येक रीतीला मला कारण हवं होतं. आंघोळीशिवाय आत जायचं नाही, का? चामडं आत न्यायचं नाही, का? बाईनं तिच्या चार दिवसांत मळ्याच्या दाराच्या ताटीलाही हात लावायचा नाही, का? दादा चिडायचा. म्हणायचा, "येल म्हंजे लेक असते घरातली, तिले हे सोसत नाई." तू आम्हा दोघांना जेवायला वाढता वाढता हसायचीस. कधी दादाच्या बाजूनं, कधी माझ्या. तुझी स्वतःची बाजू कुठली, हे मी तुला एकदाही विचारलं नाही.

आपला विड्याच्या पानांचा जुना मळा नाल्याच्या अंगाला, खोलगटात होता. आजोबांनी तो मुद्दाम तिथे लावला. उन्हाळ्यात झळा लागू नयेत, ओल टिकावी, विहीर जवळ असावी. भोवती दाट कूप, म्हणजे काटेरी कुंपण, कुपाला आतून तुरीच्या काड्यांचा, तुराट्यांचा कुड, आणि खालच्या टोकाला आत जायची तुराट्यांचीच ताटी. वऱ्हाडातला माणूस झाड लावताना वैशाखाचा विचार करतो. पौषाचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही, कारण आपल्याला जाळतं ते ऊन, असं आपण धरून चाललेलो असतो. आजोबांचं काही चुकलं नाही. त्यांच्या हयातीत तसं हिव पडलंच नव्हतं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर तीन दिवस सातपुड्याकडून वारा सुटला. बैल गोठ्यातून उठेनात. चौथ्या दिवशी दुपारी वारा एकदम पडला आणि आभाळ असं लख्ख झालं की गावातले सगळे म्हणाले, चला, सुटलो. मी मात्र घाबरलो. वारा असतो तोवर थंडी हलती राहते. वारा पडला आणि आभाळात ढग नसला की जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते, आणि जड झालेली गार हवा उतारानं पाण्यासारखी वाहत खोलगटात येऊन साचते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "हवा काय नाला हाये का, वाहाले?" तरी त्यानं एक शहाणपण केलं. बापाची रीत म्हणून संध्याकाळी मोट धरली आणि ताटीकडचा खालचा अर्धा मळा भिजवला. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, भिजलेली जमीन ऊब धरून ठेवते. त्याला कारण माहीत नव्हतं, पण करणं बरोबर होतं. मला कारण माहीत होतं आणि मी काय केलं ते आता सांगतो.

माझ्याकडे कचेरीतून आणलेलं थंडी मोजायचं पाऱ्याचं यंत्र होतं. तेवीस वर्षांचा मी, नवी नोकरी, नवं यंत्र. दिवस मावळताना ते घेऊन मी मळ्यात गेलो. पायात बूट होते, खिळे मारलेले, चामड्याचे. काढावेत हे मला आठवलं नव्हतं असं नाही. पायाला थंडी वाजत होती आणि मनात होतं की काढले नाहीत तर काय होतं ते बघूच. ओल्या मातीत फचफच पाय टाकत मी आत शिरलो आणि ताटीजवळ वेलीच्या आधाराला लावलेल्या शेवरीच्या झाडाला यंत्र टांगलं. तेवढ्यात धुऱ्यावरून, बांधाकडून तुझी हाक आली, "बापू, ये रे जेवाले!"

तुझे तेव्हा ते चार दिवस होते. आई तेव्हा हयात होती, तिनं स्वयंपाक केला होता आणि तुला कशाला शिवायचं नव्हतं, म्हणून मला हाक मारायचं काम तुझ्याकडे होतं. मी भुकेला होतो, धावत बाहेर आलो. तू माझ्या पायांकडे पाहिलंस. फक्त विचारलंस, "ताटी लावली का?" मी मागे न बघता म्हणालो, "हाव." ती लावलेली नव्हती.

त्या रात्री आम्ही घरात गोधड्या घेऊन झोपलो आणि तू गोठ्याच्या पडवीत गोणपाटावर. एवढी कडक थंडी असूनही तुला आत घ्यावं असं घरात कुणालाही वाटलं नाही. मलाही नाही. मी मळ्याची काळजी करत झोपलो. वेलींना थंडी बाधेल म्हणून जीव टांगणीला लागला होता माझा, आणि तू भिंतीपलीकडे होतीस.

सकाळी उजाडल्यावर दादाच्या ओरडण्यानं मी उठलो. मळ्यात गेलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की काहीच झालेलं नाही. पानं जागच्या जागी होती, उलट जास्तच चकाकत होती. हात लावला तर पान काचेसारखं कडक. नाल्याच्या कडेच्या डबक्यावर बर्फाची पापडी. ओल्या मातीच्या वर बर्फाच्या बारीक बारीक सुया उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या सुयांनी मातीचं कवच उचलून धरलं होतं. शेवरीखाली दोन बुलबुल मरून पडले होते, पाय आखडलेले. यंत्रातला पारा पाणी गोठायच्या रेघेच्याही खाली होता. मला, सांगायला लाज वाटते, क्षणभर आनंद झाला. माझं पुस्तक खरं निघालं होतं.

मग ऊन आलं. ऊन आलं आणि तासाभरात सगळा मळा उकडलेल्या भाजीसारखा झाला. पानाच्या आतलं पाणी गोठताना फुगतं, आतले पडदे फाटतात, आणि गोठलेलं असतं तोवर ते कळत नाही. वितळल्यावर कळतं. पानं आधी गडद हिरवी झाली, मग काळी, मग खाली लोंबू लागली. त्यांचा वास सुटला, गोडसर, सडका. वेलींना आधार दिलेल्या शेवऱ्या दुपारपर्यंत माना टाकून बसल्या. बाहेर हरभऱ्याचा फुलोरा गळाला, तुरीच्या शेंगांत दाण्याच्या जागी पाणी राहिलं. केळीचे खांब आठ दिवसांनी आतून कुजून कोसळले. आजूबाजूच्या मळ्यांनाही लागलं होतं, पण आपल्याइतकं नाही. वरच्या अंगाच्या मळ्यांची तर फक्त शेंड्याची पानं गेली. सगळ्यात खोल आपला होता, आणि सगळ्यात मेला आपलाच.

आणि त्याचं कारण गावाला लगेच सापडलं. ताटी सताड उघडी होती. तुझे चार दिवस चालू होते. दुपारी देवळाच्या पारावर गावातली म्हातारी माणसं बसली आणि दादा म्हणाला, "ती आत गेल्ती. म्या पाह्यलं."

मी तिथेच होतो. मी तासभर बोललो, वहिनी. गार हवा कशी वाहते, आपल्या खोलगटात कशी साचते, वरचे मळे का वाचले, सगळं सांगितलं. हातवारे करून सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "पोरगा हुशार हाये." बाकीचे माझ्याकडे दयेनं बघत होते. एवढ्या बोलण्यात मी एक वाक्य बोललो नाही. ताटी मी उघडी टाकली, आणि बूट घालून मी आत गेलो होतो, हे ते वाक्य.

का बोललो नाही, याचं उत्तर मी तेव्हाच तयार केलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं. बुटानं हिव पडत नाही. मग बुटाची कबुली देणं म्हणजे त्यांचं म्हणणं मान्य करणं. मी तत्त्वासाठी गप्प आहे, असं मी स्वतःला पटवलं. खरी गोष्ट एवढीच की मला दादाची भीती वाटली. समोर काळा पडलेला मळा, आणि त्यात मी चामडं नेलं होतं. मी भित्रा होतो. आजही हे वाक्य लिहायला मला दोनदा शाई भरावी लागली.

आणि तू? तू पाराच्या खाली बाजूला उभी होतीस. तुला एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गेल्ती का व बाई?" तू मान खाली घातलीस. हो नाही, नाही नाही. मला तुझा राग आला. दादा रागाच्या भरात खोटं बोलतोय हे मला दिसत होतं, आणि तू एक शब्द बोलून त्याला खोटं पाडू शकत होतीस. मी जे करत नव्हतो ते तू करावंस, अशी माझी अपेक्षा होती. शिकलेल्या माणसाचा निर्लज्जपणा असा असतो.

त्यानंतरची सकाळ मला सगळ्यात जास्त छळते. तू कुपाच्या बाहेर उभी राहून आत बघत होतीस. मला म्हणालीस, "बापू, ताटीपाशी काऊन हिरवं राह्यलं?" मी पाहिलं. खरंच, ताटीजवळच्या तीन ओळींची खालची पानं अजून जिवंत होती. बाकी सगळीकडे साचलेल्या गार हवेला त्या दाट कुपानं आणि कुडानं अडवून धरलं होतं, आणि ताटी उघडी होती तेवढ्या जागेतून ती खाली नाल्यात निसटत राहिली होती. ज्या उघड्या ताटीसाठी तुला गुन्हेगार ठरवलं, त्या ताटीनं तीन ओळी वाचवल्या होत्या. माझ्या सगळ्या बोलण्याचा पुरावा तिथे हिरवा उभा होता. पण तो दाखवायचा तर ताटीचा विषय काढावा लागला असता, आणि ताटीचा विषय निघाला की कुणी उघडली हा प्रश्न आला असता. मी म्हणालो, "काय माहीत." तू माझ्याकडे पाहिलंस. मग गोठ्याकडे निघून गेलीस.

पाचव्या दिवशी दादानं मळा उपटायला घेतला. हिव लागलेला मळा उपटत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. शेंडे छाटतात, राख आणि शेण घालतात, वाट बघतात. पण विटाळलेला मळा ठेवत नाहीत. पुरुषाकडून चूक झाली असती तर एक नारळ, गोमूत्र शिंपडणं आणि दंड म्हणून पाच जणांना जेवण, एवढ्यावर भागलं असतं. बाईच्या विटाळाला तो उपाय नव्हता. वेली मुळासकट काढायच्या, नाल्यात सोडायच्या आणि जमीन वर्षभर मोकळी ठेवायची. म्हणजे माझ्या एका वाक्यावर अख्खा मळा उभा होता.

पहिली वेल निघाली तेव्हा मुळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. मी नखानं एक खरवडून पाहिली, आत ओली, ताजी. वर सगळं काळं आणि खाली जमिनीत काही झालेलंच नव्हतं. हिव पडतं ते वरच्या वितभर जगावर. ओल्या जमिनीच्या पोटात त्याला उतरता येत नाही, एका रात्रीत तर नाहीच. फाल्गुनात त्याच बुडख्यांतून कोंब आले असते. तू कुपाबाहेरून ओरडलीस, "अवो, मुया जित्त्या हायेत! राहू द्या ना! फुटते ते!" तुझा आवाज एवढा मोठा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दादानं मागेही न बघता सांगितलं, "इले कोनी घरी न्या."

मीही म्हणालो, "दादा, मुया जित्त्या हायेत." तो म्हणाला, "म्हून तं काढा लागते." चार दिवस उपटणं चाललं. मी सुट्टी वाढवून घेतली आणि त्याला उपटायला मदत केली, वहिनी. माझ्या हातांनी. जिवंत मुळ्या नाल्याच्या पाण्यात तरंगत गेल्या. तिसऱ्या दिवशी ताटीजवळच्या त्या तीन ओळीही काढल्या.

पुढे तुझं काय झालं ते मी लांबून बघत राहिलो. नव्या मळ्यासाठी दादानं वरच्या अंगाला जमीन घेतली. माझं ऐकून घेतली, म्हणजे माझं शास्त्र त्याला पटलं होतं. पण तुला त्या मळ्यात पाय टाकू दिला नाही. पानं खुडून घरी आली की सगळ्या बायका टोपल्या भरायच्या आणि तू लांब बसून दोऱ्या वळायचीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुला बोलावणं यायचं बंद झालं. तू पान खाणं सोडलंस. कुणी दिलं तर म्हणायचीस, "दात दुखते." तुझे दात शेवटपर्यंत माझ्यापेक्षा चांगले होते.

एकदाच तू मला टोचलंस. मी शेतकऱ्यांसाठी एक पत्रक लिहिलं होतं, हिवापासून पीक कसं राखावं. संध्याकाळी जमीन भिजवा, धुऱ्यावर ओला काडीकचरा पेटवून धूर करा, खोलगटात नाजूक पीक लावू नका. मोठ्या ऐटीत मी ते तुला वाचून दाखवलं. तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "लय चांगलं लिवलं. ताटी उघडी ठेवा म्हून लिवलं का?"

मी म्हणालो, "नाई."

"लिव ना मंग. लोकायचं भलं होईन."

तू सुपातून मान वर केली नाहीस. मी ते वाक्य पत्रकात घातलं, "खालच्या अंगाचा कूप मोकळा ठेवावा". सगळ्या तालुक्याला सांगितलं मी, फक्त तुझ्या घरात नाही सांगितलं. त्या दिवशी मला पक्कं कळलं की तुला माहीत आहे. आणि तुला हेही कळलं की मला कळलं. पुढची कितीतरी वर्षं आपण दोघं त्या गोष्टीला वळसा घालून एकमेकांशी हसत बोलत राहिलो.

एकदा न राहवून मी विचारलंही होतं, आठवतं? "वहिनी, दादा पारावर खोटं बोलला. तू नाई काऊन नाई म्हनली?" तू चुलीतलं लाकूड मागे ओढलंस आणि म्हणालीस, "ते खोटं नाई बोलत रे." मला वाटलं तू नवऱ्याची बाजू घेते आहेस. मी चिडून उठून गेलो. दादाला मी त्या दिवसापासून मनातून खोटारडा ठरवून टाकलं होतं. माझ्या गप्प राहण्यापेक्षा त्याचं खोटं मोठं, असा हिशेब मला बरा पडत होता.

तुझं दुखणं वाढल्याचं कळलं आणि मी नांदुऱ्याहून आलो. तापात तुला हिव वाजत होतं. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मी सांगायचं ठरवून आलो होतो, रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो. तू डोळे न उघडता म्हणालीस, "बापू आला वाटते. बूट काढले का बाहीर?" मी म्हणालो, "काढले." तू म्हणालीस, "शाना." मग दादा आत आला, औषधाची बाटली घेऊन. मी तुझे पाय चेपत बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

काल दुपारी दादा ओसरीवर बसला होता. तेरवीपासून तो कुणाशी धड बोलत नाही. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. "दादा, हिवाच्या साली ताटी म्या उघडी टाकली होती. बूट घालून आत गेल्तो म्या. वहिनी आत गेलीच नव्हती."

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "बूट?"

"हाव."

"खियाचे?"

"हाव, दादा."

त्यानं अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती आत गेल्ती बापू. म्या माह्या डोयानं पाह्यलं. झुंजुरमुंजुर होतं. माही आंघोय नव्हती झाली म्हून म्या कुपाबाहीरच उभा होतो. ती ताटीच्या आत खाली बसली होती आन् जमीन खरडून राह्यली होती. आधी दगडानं, मंग नखानं. हात लालभडक. जमीन गोटा झाल्ती ना बे. मले वाटलं, विटाळाची आत गेली आन् आता आपल्या पायाचे ठसे मिटवून राह्यली."

शेतकी मी शिकलो होतो. गोठलेल्या जमिनीवर अनवाणी पाय उमटत नाही, वहिनी. दगडावर जसा उमटत नाही तसा. त्या पहाटे तिथे तुझा एकही ठसा असणं शक्य नव्हतं. तिथे ठसे होते ते आदल्या संध्याकाळचे, ओल्या मातीत रुतलेले आणि रात्रीतून कडक झालेले. खिळ्यांसकट. दादानं हे मला त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी एका क्षणात ओळखलं असतं. मी बुटांचं बोललो नाही, म्हणून त्यालाही हे मला सांगायचं कारण पडलं नाही.

मी त्याला हे सांगितलं. त्याला पटायला वेळ लागला नाही. तो म्हणाला, "म्हंजे तुह्ये पाय पुसत होती ती."

तू आत गेली होतीस. गाव खरं बोललं, दादा खरं बोलला, तूही मला चुलीपाशी खरंच सांगितलं होतंस. रात्रभर गोणपाटावर कुडकुडून, दुखत्या अंगानं, जिथे ताटीलाही हात लावायचा नव्हता तिथे तू शिरलीस, कारण दादा यायच्या आत माझ्या बुटांचे ठसे नाहीसे व्हायला हवे होते. पारावर नाही म्हणाली असतीस तर तू खोटं बोलली असतीस. खरं बोलली असतीस तर मी सापडलो असतो. म्हणून तू मान खाली घातलीस, आणि मी तासभर गार हवेवर भाषण केलं.

दादा उठला. दारापर्यंत गेला, पायात वहाण घातली, अंगणात थोडा चालला आणि परत आला. त्याला बाहेर जाऊन कुणाला तरी हे सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. पण पारावर बसलेल्या त्या म्हाताऱ्यांपैकी आता कुणीही हयात नाही. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि लहान पोरासारखं त्यानं मला विचारलं, "आता कोनाले सांगू बे मी हे?"

मला एकही नाव सुचलं नाही. म्हणून तुलाच लिहितो आहे.